हंडा, घड्याळ आणि मे महिना

जानेवारी 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातला एक फोटो राज्यभर फिरला. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या खरशेत ग्रामपंचायतीतला शेंद्रीपाडा. खाली तास नदीची खोल घळ, तिच्यावर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्या आणि त्यांवरून डोक्यावर हंडा घेऊन, तोल सावरत चाललेल्या बायका. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी त्याची दखल घेतली, घळीवर लोखंडी पूल बसला, महिना संपण्याआधी मंत्री स्वतः पाड्यावर येऊन गेले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तासला पूर आला आणि पूल वाहून गेला.

आता समजा, कुणी नकाशावर पट्टी ठेवून त्या पाड्यावरचे एखादे घर आणि त्याचा पाणवठा यांच्यातले अंतर मोजले. पूल नव्हता तेव्हा जो आकडा आला असता, तोच पूल झाल्यावर आला असता आणि पूल वाहून गेल्यावरही तोच. पट्टीला घळ दिसत नाही. हंडा वाहणारीला मात्र तिच्यापलीकडे दुसरे काही दिसत नाही.

ग्रामीण कुटुंबाला पाणी मिळते की नाही, हे मोजण्याचा उद्योग आपल्याकडे पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. केंद्र सरकार मोजते, जनगणना मोजते, नमुना सर्वेक्षणवाले मोजतात, जिल्हा परिषद मोजते, जागतिक आरोग्य संघटनाही मोजते. प्रत्येकाची पट्टी वेगळी. कुणी मीटर मोजतो, कुणी मिनिटे, कुणी लिटर, कुणी नळाच्या तोट्या. त्यामुळे एकच घर एका तक्त्यात 'पाणी असलेले' ठरते आणि दुसऱ्यात 'टंचाईग्रस्त'.

या सगळ्या पट्ट्या एकाच वेळी तपासून पाहायच्या तर नाशिकइतका सोयीचा जिल्हा दुसरा सापडणार नाही. गोदावरी इथे ब्रह्मगिरीवर उगम पावते. गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण, चणकापूर अशी धरणे याच जिल्ह्यात आहेत आणि अप्पर वैतरणेचे पाणी इथून मुंबईला जाते. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर येवला-नांदगावकडे तो पाचशे-सहाशेवर येतो. तरीही उन्हाळ्यात टँकर दोन्हीकडे धावतात. पूर्वेकडे पाऊसच कमी. पश्चिमेकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत पाऊस उदंड, पण खाली बेसाल्टचा कातळ. त्यात पाणी मुरायला जागा थोडी, उतार तीव्र. नार, पार, दमणगंगा हे पाणी पश्चिमेला गुजरातच्या बाजूला घेऊन जातात आणि होळीच्या सुमाराला पाड्यावरची विहीर तळ दाखवू लागते.

एका मैलाची पट्टी

पहिली सरकारी पट्टी अंतराची होती. 1972-73 मध्ये केंद्राने त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला. त्यात 'समस्याग्रस्त गाव' कोणते, हे ठरवण्याचा निकष असा होता: मैदानी भागात 1.6 किलोमीटरच्या आत, किंवा डोंगराळ भागात 100 मीटर उंचीच्या फरकात पाण्याचा स्रोत नसलेले गाव. 1.6 किलोमीटर म्हणजे जुना एक मैल. आणि 100 मीटर उंची म्हणजे सुमारे तीस मजली इमारत. एवढा चढ रोज भरल्या हंड्याने चढावा लागला, तरी त्या निकषाने गावाला समस्या नव्हती. पुढे 250 माणसांमागे एक हातपंप आणि माणशी दररोज 40 लिटर, असे प्रमाण रूढ झाले. गावोगावी हापसे बसले ते या काळात.

जनगणनेने ही पट्टी आखूड केली. 2011 च्या जनगणनेत पिण्याच्या पाण्याचा स्रोत 'घराच्या आवारात', 'घराजवळ' की 'दूर' असे विचारले गेले. ग्रामीण भागासाठी 'जवळ' म्हणजे 500 मीटरच्या आत आणि त्यापलीकडे 'दूर'. त्या वेळी ग्रामीण भारतातल्या 35 टक्के कुटुंबांना पाणी आवारात मिळत होते, जवळपास 43 टक्क्यांना 'जवळ' आणि 22 टक्क्यांना 'दूर'.

हे आकडे वाचताना प्रगणकाला दिलेली एक सूचना लक्षात ठेवायला हवी. मुख्य स्रोत म्हणून नोंदवायचा तो वर्षातला जास्त काळ वापरला जाणारा. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दारातली विहीर चालते आणि मार्चपासून बायका डोंगर उतरून झऱ्यावर जातात, अशा घराची नोंद काय होईल? विहीर, घराच्या आवारात. नऊ महिने जिंकतात, तीन महिने तक्त्यातून गायब होतात. हे नियमाला धरूनच आहे. फक्त टंचाई ज्या तीन महिन्यांत असते, नेमके तेच तीन महिने या नियमात बसत नाहीत. 2027 च्या जनगणनेतला घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर 2026 असा ठरला. म्हणजे कुठे प्रगणक भर उन्हाळ्यात दारात येणार आणि कुठे भर पावसात. प्रश्न मात्र वर्षभराचा.

हंड्याचे गणित

अंतराऐवजी वजन मोजले तर चित्र वेगळे दिसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साधारण हंड्यात 15 लिटर मावते. चुंबळीवर हंडा आणि कमरेवर कळशी घेतली तर एका खेपेत 22 लिटरच्या आसपास पाणी घरी येते. पाच माणसांच्या घराला केंद्राच्या जल जीवन मिशनच्या प्रमाणाने, म्हणजे माणशी 55 लिटरप्रमाणे, दिवसाला 275 लिटर लागतात. तेरा खेपा. एका खेपेला जाऊन-येऊन, नंबर लावून अर्धा तास लागत असेल तर साडेसहा तास झाले. कुणीही एवढे पाणी वाहून आणत नाही, आणूच शकत नाही. म्हणून ते घर कमी पाण्यात भागवते. आंघोळ एकाआड एक दिवस होते, कपडे नदीवर किंवा पुढच्या आठवड्यात जातात आणि भांडी राखेने घासून एका पाण्यात विसळली जातात.

हे कमी करणे कसे घडते, याचा अभ्यास पूर्व आफ्रिकेत झाला होता. गिल्बर्ट व्हाइट, डेव्हिड ब्रॅडली आणि ॲन व्हाइट या तिघांनी केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या घरांचे पाणी मोजून 1972 मध्ये 'ड्रॉअर्स ऑफ वॉटर' हे पुस्तक लिहिले. त्यानंतरच्या संशोधकांनी अशा मोजण्या एकत्र करून एक आलेख मांडला. त्यातून पुढे आलेली गोष्ट थोडी चकित करणारी आहे. पाणवठा पाच मिनिटांवर असो की पंचवीस, घरात येणारे पाणी जवळपास तेवढेच राहते. ते घसरते अर्ध्या तासापलीकडे. आणि ते खऱ्या अर्थाने वाढते पाणी अंगणात आल्यावर. म्हणजे हातपंप एक किलोमीटरवरून पाचशे मीटरवर आणला तर बाईचा वेळ वाचतो, पाठ वाचते, पण हंडे फारसे वाढत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त पाहणी कार्यक्रम 1990 पासूनची आकडेवारी ठेवतो. त्यांनी आता पाण्याची शिडी केली आहे. सर्वांत खाली नदी-ओढ्याचे पाणी, त्यावर असुरक्षित उघड्या विहिरी-झरे, मग सुधारित पण अर्ध्या तासाहून दूरचा स्रोत, मग सुधारित आणि अर्ध्या तासाच्या आतला म्हणजे 'मूलभूत' सेवा. सर्वांत वर 'सुरक्षित व्यवस्थापन' असलेले पाणी: आवारात, हवे तेव्हा आणि दूषित नसलेले. या शेवटच्या पायरीपर्यंत न पोचलेली माणसे 2024 मध्ये जगात 210 कोटी होती, असा त्यांचा हिशोब आहे.

शिडी चांगली आहे, पण अर्धा तास हा एका खेपेचा आहे, दिवसाचा नाही. वरच्या घराने माणशी 20 लिटरवर भागवले तरी पाच खेपा होतात. म्हणजे अडीच तास. जागतिक तक्त्यात ते घर 'मूलभूत' सेवेच्या पायरीवर निवांत बसलेले दिसेल.

फेब्रुवारीची विहीर, मेची विहीर

महिना विचारणारे सर्वेक्षण आपल्याकडे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76 व्या फेरीत, जुलै ते डिसेंबर 2018 मध्ये, मुख्य स्रोताचे पाणी वर्षभर पुरते का आणि पुरत नसेल तर कोणत्या महिन्यांत, असे विचारले होते. ग्रामीण भारतातल्या 87.6 टक्के कुटुंबांनी पुरते असे सांगितले. उरले साधारण दर आठातले एक कुटुंब. पाणी आणायला कोण जाते, किती वेळ लागतो आणि पाणवठ्यावर किती थांबावे लागते, हेही त्यात नोंदवले गेले. प्रश्न नेमके, पण नमुना देशभर पसरलेला. सुरगाण्यातल्या एका पाड्याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

पाड्याच्या जवळ जाणारी यंत्रणा राज्याची आहे. 1972 मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. विहिरीत टेप सोडायचा, पाण्याला टेकला की वाचायचा, इतके हे साधे काम. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी आणि त्या वर्षीच्या पावसाशी ताडून कोणत्या गावांत कधी टंचाई येईल, याचा अंदाज काढतात. त्यावर जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा उभा राहतो. त्याचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. त्यातली उपायांची यादी वाचली की ग्रामीण पाण्याचा सगळा संसार डोळ्यांपुढे येतो: विहिरींतला गाळ काढणे, विहिरी खोल करणे, खासगी विहिरी अधिग्रहित करणे, नवीन विंधन विहिरी, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, नदीपात्रात बुडक्या म्हणजे उथळ खड्डे घेणे आणि शेवटी टँकर किंवा बैलगाडीने पाणी.

टँकरचे प्रमाण माणशी दिवसाला 20 लिटर. म्हणजे शौचालयाच्या एका-दोन वेळच्या फ्लशिंगला शहरात जेवढे जाते, तेवढ्यात एका माणसाचा दिवस. तीनशे माणसांच्या पाड्याला 6,000 लिटर पुरेसे ठरतात. टँकरवर जीपीएस असते, खेपांची नोंद होते. पण पाड्यावर टाकी नसली की टँकर पाणी ओततो त्याच कोरड्या विहिरीत. मग काठावर गर्दी, शंभर पोहरे एकदम आत आणि वर येते ते गाळ ढवळलेले पाणी. जागतिक शिडीवर टँकर 'सुधारित' गटात मोडू शकतो, उघडी विहीर 'असुधारित' गटात. विहिरीत ओतलेला टँकर कोणत्या पायरीवर बसवायचा?

एप्रिल 2025 मध्ये पेठ तालुक्यातल्या बोरीचीबारीची चित्रफीत देशभर पाहिली गेली. बायका विहिरीत उतरून तळाशी साचलेले पाणी भांड्यांत भरत होत्या. घरापासून विहिरीपर्यंतचे अंतर हा तिथला प्रश्न नव्हता. काठावर पोचल्यानंतर पाणी आणखी किती खोल आहे, हा होता. आडवे अंतर मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात या उभ्या अंतराला रकाना नाही.

नळ आला, पुढे काय?

15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा देशातल्या 3.23 कोटी ग्रामीण घरांत, म्हणजे सुमारे 17 टक्के घरांत, नळ होता. मूळ मुदत 2024 ची. पाच वर्षांत नळजोडण्यांची संख्या 15 कोटींच्या पुढे गेली आणि 2025 च्या अर्थसंकल्पात मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ मिळाली. एवढ्या थोड्या काळात एवढ्या घरांत तोटी पोचणे ही लहान गोष्ट नाही. या मिशनने मोजण्याचे एककही बदलले. आधी गाव किंवा वस्ती 'व्याप्त' झाली की काम संपत असे. आता घर मोजले जाते.

तरी तोटी आणि पाणी यांत फरक आहे, हे मिशनच्याच पाहणीतून दिसले. 2022 च्या कार्यक्षमता पाहणीत नळ चालू असलेली घरे 86 टक्के होती. पुरेसे पाणी मिळणारी 85 टक्के, नियमित मिळणारी 80 टक्के आणि पाण्याचा दर्जा ठीक असलेली 87 टक्के. प्रत्येक आकडा चांगल्या गुणांनी पास. पण पुरेसे, नियमित आणि शुद्ध या तिन्ही अटी एकाच घरात पूर्ण होतात का, असे विचारल्यावर उत्तर आले 62 टक्के. एका घराला प्रमाण अपुरे, दुसऱ्याला वेळ बेभरवशाची, तिसऱ्याला पाणी गढूळ. वेगवेगळ्या रांगांत थोडी थोडी घरे गळाली आणि बेरीज मोठी झाली.

दर्जा मोजण्याची एक घरगुती परंपरा महाराष्ट्रात आधीपासून आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणी करतो. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले की क्लोरीन पोचले, असे समजायचे. आरोग्य विभाग एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्रोतांची स्वच्छता तपासून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. सलग पाच वर्षे चांगली गेली तर चंदेरी. रेल्वेच्या सिग्नलसारखी ही भाषा असल्याने लाल कार्डाचा अर्थ गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जल जीवन मिशनने यात गावातल्या पाच महिलांना तपासणी संच चालवण्याचे शिक्षण देण्याची भर घातली. जंतूंसाठी एक छोटी बाटली असते. पाणी भरून ठेवले आणि ते काळे पडले तर ते पिऊ नये.

गाव मोजायचे की पाडा?

सगळ्या पट्ट्या बरोबर लावल्या तरी एक घोटाळा उरतो: कशाची सरासरी काढायची? नाशिकच्या पश्चिम भागात महसुली गाव म्हणजे एक ठिकाण नसते. मूळ गाव सपाटीवर, त्याला टाकी, त्याला नळ. पाडे डोंगराच्या सोंडांवर, दोन-तीन किलोमीटर दूर, शंभर-दोनशे वस्तीचे. गावातल्या 80 टक्के घरांना पाणी मिळते, हे वाक्य खरे असते आणि उरलेली 20 टक्के घरे सगळीच्या सगळी एका पाड्यावरची असतात, हेही खरे असते. पूर्व भागात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. येवल्याची 38 गावांची किंवा नांदगावची 56 खेड्यांची योजना अशा प्रादेशिक योजनांत वाहिनीच्या सुरुवातीचे गाव आणि टोकाचे गाव एकाच योजनेत नोंदलेले असते. पाण्याचा दाब दोघांना सारखा मिळतो असे नाही.

पाड्याला स्वतंत्रपणे मोजण्याची कायदेशीर वाट उपलब्ध आहे. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, शेजारच्या तालुक्यांचे काही भागही. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत विस्तार) नियमांनुसार तिथला पाडा ठराव करून स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो आणि त्याची ग्रामसभा वेगळी होऊ शकते. मग सरासरीच्या आड लपायला जागा राहत नाही.

अलीकडे संशोधकांनी मीटर-लिटर बाजूला ठेवून थेट अनुभव विचारायला सुरुवात केली आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजपट्टीत फक्त बारा प्रश्न आहेत. गेल्या चार आठवड्यांत पाण्याची काळजी वाटली का, कपडे धुता आले नाहीत असे किती वेळा झाले, हात धुवायला पाणी नव्हते का, पाण्यावरून संताप आला का, तहानलेले झोपावे लागले का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 36. बारा किंवा अधिक आले तर ते घर पाण्याच्या बाबतीत असुरक्षित. ही पट्टी ज्या 28 ठिकाणी तपासून पाहिली गेली, त्यांत पुणेही होते. तिच्यात टँकर, नळ, विहीर यांचा भेद नाही. शेंद्रीपाड्याच्या घळीला तिच्यात जागा मिळते आणि बोरीचीबारीच्या खोलीलाही.

पण कुठलीही पट्टी मुंबईहून किंवा दिल्लीहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जल जीवन मिशनमध्ये 'हर घर जल' गाव म्हणून प्रमाणपत्र मिळायचे तर ग्रामसभेचा ठराव लागतो आणि त्याचे चित्रीकरण करावे लागते. महाराष्ट्रात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची रीत आहे. यांतल्या तीन तारखांना नाशिकच्या विहिरींत पाणी असते. 15 लिटरची एक बादली, हातातले घड्याळ आणि वही एवढ्या सामग्रीवर पाड्यावरच्या दोन मुलींना आठवडाभरात प्रत्येक घराच्या खेपा, मिनिटे आणि लिटर लिहून काढता येतात. ती वही घेऊन ग्रामसभेला जावे, वाचून दाखवावी, इतिवृत्तात नोंदवून घ्यावी आणि मगच ठरावावर हात वर करावा. तारीख 1 मेची निवडावी.